मामांच्या उठाबशा

माझ्या मामेसासऱ्यांइतका न्यायी माणूस सगळ्या जयपुरात सापडायचा नाही, आणि स्वतःचा गुन्हा इतक्या झटकन कबूल करणारा तर सगळ्या हिंदुस्थानात सापडायचा नाही. एखाद्याला सत्कारासाठी पुढे बोलवावं तसे ते खुर्चीतून उठायचे, सदऱ्याचं वरचं बटण लावायचे आणि म्हणायचे, "आरोप वाचा." वाचणारी मी. चौथी शिकलेली, तासगावच्या बाजूच्या एका खेड्यातली, आणि इतकी लाजरी की दारात भाजीवाला आला तरी आधी दाराआड जाऊन मग बोलणारी. पण मामांच्या पुढे मी वाचायची, ते मान खाली घालून ऐकायचे, आणि मग ज्या गोष्टीची आज मला लाज वाटते ती गोष्ट आमच्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ व्हायची.

मामा मूळचे मिरजेचे. सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका खात्यात झाली. कुणी फाइल हरवली, कुणी खोटी सही केली, की चौकशीला मामांना पाठवायचे. बदली होऊन जयपूरला आले, तिलक नगरात घर बांधलं आणि इथलेच झाले. मूलबाळ नाही. मामी गेल्या आणि त्यांचं विसरणं वाढत गेलं, तेव्हा आम्ही नवरा-बायको त्यांच्याजवळ राहायला आलो. हे सीतापुऱ्यात कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहेत, सकाळच्या बसने जातात ते दिवेलागणीला येतात. दिवसभर घरात मामा आणि मी.

मामा काय विसरत नसत तेवढं सांगणं सोपं. जेवलो की नाही ते विसरत, स्वतःच्या घराचं दार विसरत, मामी गेल्याचं तर दर दोन-चार दिवसांनी नव्याने विसरत. चाळीस वर्षं इथे राहून फर्डी हिंदी बोलणारा माणूस, पण ती हिंदी भिंतीवरच्या चुन्यासारखी गळून पडली आणि आतून मिरजेची मराठी जशीच्या तशी निघाली. दूधवाला "राम राम बाबूजी" म्हणाला की मामा म्हणायचे, "आपलं म्हणणं लेखी द्या." विसरले नव्हते ते दोनच गोष्टी, ऱ्हस्व-दीर्घ आणि चौकशीचे नियम. एकदा डब्यातली दोन बिस्किटं कमी झाली. मामांनी सकाळपासून चौकशी मांडली. माझा जबाब घेतला, यांचा घेतला, खिडकीतल्या कबुतराकडेसुद्धा बराच वेळ रोखून पाहिलं. दुपारी स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात चुरा सापडला. तो त्यांनी कागदावर ठेवला, चष्म्यातून न्याहाळला आणि जाहीर केलं, "आरोपी मीच आहे. दोन दिवस बिस्किटं बंद." पाच मिनिटांनी पुन्हा बिस्किट मागितलं. मी म्हटलं, "मामा, तुमची बंद आहेत." "कुणी केली?" "तुम्हीच." "मग योग्यच असेल," म्हणाले. असा माणूस.

मग गेल्या वर्षी ते न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण आठ-दहा दिवस अंथरुणात काढले आणि उठले तेव्हा पायांच्या काड्या झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आठवण काही परत येणार नाही, पण पाय येतील. पाणी पाजा, डाळ-अंडं द्या, गोड कमी करा, चालवा, आणि खुर्चीतून हात न टेकता उठता येईल असं करा. जो माणूस स्वतः उठू शकतो तो घरात राहतो, नाहीतर पलंगाचा होतो. हे शेवटचं वाक्य डॉक्टर यांच्याशी हिंदीत बोलले. मी ते दाराआडून ऐकलं, आणि पलंगाचा झालेला माणूस मी माहेरी पाहिला होता.

पाण्याचं आणि चालण्याचं मी माझ्या अकलेने जमवलं, आणि त्या दोन गोष्टींची मला लाज नाही. मामा पाणी पीत नसत. "तहान नाही" म्हणायचे आणि तोंड मिटून घ्यायचे. मग माझ्या लक्षात आलं की चौकशीला आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, हा त्यांचा नियम होता. मी पेला पुढे करून म्हणायची, "मामा, जबाब सुरू करण्याआधी." की ते घटाघट पिऊन पेला परत द्यायचे आणि जबाब द्यायला तयार होऊन बसायचे. मग मला काहीतरी विचारावं लागायचं. मी विचारायची, मिरजेत तुमच्या घरासमोर काय होतं? ते एकेक दुकान सांगत जायचे, आणि मध्येच मी म्हणायची, पुढचा जबाब, की दुसरा पेला. चालायला मात्र ते ठाम नकार द्यायचे. फिरायला जाणं म्हणजे रिकामटेकड्यांचं काम. म्हणून मी रोज कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली काहीतरी घडवून आणायची. कुणी खड्डा खणला, कुणी फांदी तोडली. मामा काठी उचलायचे. "स्थळपाहणी केल्याशिवाय मत देता येत नाही." रस्ता ओलांडताना माझं मनगट घट्ट धरायचे, इतकं की बांगड्या रुतायच्या, आणि झाडाखाली उभं राहून दोन मिनिटं वर-खाली बघून निकाल द्यायचे, "तक्रारीत तथ्य नाही." तक्रारीत तथ्य नसायचंच. पण चारशे पावलं व्हायची.

राहिलं ते खुर्चीतून उठणं. त्यासाठी दवाखान्याने एक व्यायामवाल्या ताई घरी पाठवल्या. तरुण, हसतमुख, इथल्याच. त्यांनी हातात एक छापील कागद दिला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, स्वास्थ्य शिक्षा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला जयपूरला येऊन बऱ्याच उशिरा कळलं होतं. मामांना पूर्वी माहीत होतं, ते आता गळून गेलं होतं.

"शिक्षा?" मामा कागद धरून म्हणाले.

"जी अंकलजी, शिक्षा," ताई हसल्या. "आपके लिए भी, और भाभीजी के लिए भी."

मामांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, तूही होतीस यात?"

ताई खुर्ची भिंतीला टेकवून ठेवत म्हणाल्या, "बस उठक-बैठक, अंकलजी. दस बार. सुबह-शाम."

"दहा उठाबशा! आणि आरोपपत्र कुठे आहे?"

"क्या बोल रहे हैं?" ताईंनी मला विचारलं.

"वो... कागज माँग रहे हैं," मी कशीबशी म्हणाले.

"कागज तो यही है ना, अंकलजी!" ताईंनी त्यांच्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं.

मामा उभे राहायचा प्रयत्न करायला लागले, जमलं नाही, तरी बसल्या बसल्याच ताठ झाले आणि म्हणाले, "बाई, हा शिक्षेचा हुकूम झाला. मी आरोपाबद्दल बोलतोय. आरोप दाखवल्याशिवाय मी आयुष्यात कुणाला शिक्षा दिलेली नाही आणि घेणारही नाही." ताईंना एक अक्षर कळलं नाही. त्या "बहुत प्यारे हैं अंकलजी" म्हणाल्या आणि पुढच्या घरी गेल्या.

तीन दिवस मामा खुर्चीतून हलले नाहीत. हे समजावून थकले. "अहो मामा, शिक्षा नाही हो, व्यायाम आहे." मामा म्हणायचे, "कागदावर काय लिहिलंय ते वाच." चौथ्या दिवशी मी कॅलेंडरचं एक जुनं पान फाडलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, तुम्हि काल दुपारी फ्रिजमधला घेवर चोरुन खाल्ला. घेवर, म्हणजे इथली पाकातली मिठाई, खरंच खाल्ला होता, मिशीला पाक लागलेला मी पाहिला होता. मामांनी कागद घेतला, खिशातली तांबडी पेन्सिल काढली. "आरोप बरोबर असेल," ते म्हणाले, "पण तुम्हीतला म्ही दीर्घ. चोरूनमधला रू दीर्घ. असल्या आरोपपत्रावर आरोपी अपिलात सुटेल." दोन्ही दुरुस्त्या केल्या, कागद मला परत दिला. मी पुन्हा लिहून आणलं. मग त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "मला आठवत नाही. पण तू खोटं कशाला बोलशील? कबूल." आणि एका हाताने माझ्या खांद्याचा आधार घेऊन, दुसऱ्याने कान धरून, धापा टाकत दहा उठाबशा. मी म्हटलं, कान नका धरू मामा, ताईंनी हात पुढे ठेवायला सांगितलंय. तर म्हणाले, "शिक्षा घ्यायची तर नीट घ्यावी."

तिथून आमचं सुरळीत चालू झालं. रोज दोन आरोपपत्रं. मला चौथीनंतर कुणी शिकवलं नव्हतं, ते मामांच्या तांबड्या पेन्सिलीने शिकवलं. आज हे पान मी सरळ लिहिते आहे ते त्या पेन्सिलीमुळे. पण एक अडचण आली. पंचाऐंशीच्या घरातला, काठीने चालणारा माणूस दिवसात दोन गुन्हे तरी कुठून करणार? खरे गुन्हे आठवड्यात संपले. मग मी रचायला लागले. उंबऱ्यावर बसून नखं कापली. शेजारणीच्या तुळशीत चहा ओतला. कबुतरांना माझ्या वाटची भाकरी घातली. पोस्टमनला व्याहीबुवा म्हणालात. मामा प्रत्येक वेळी डोळे मिटून आत शोधायचे, तिथे काही सापडायचं नाही, आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायचे, "आठवत नाही. पण तू खोटं कशाला बोलशील? कबूल." रात्री जेवताना हे विचारायचे, "आज कोणता गुन्हा?" मी सांगायची, आणि आम्ही दोघं तोंडात घास धरून हसायचो. मला गंमत यायची. खरं लिहायचं तर गमतीहून जास्त यायचं. जन्मभर मला कुणी काही विचारलं नव्हतं, माहेरी नाही, सासरी नाही, आणि आता एवढा मोठा साहेब माझ्या एका ओळीवर उभा राहत होता आणि बसत होता. पायांत ताकद येत होती. खांद्याचा आधार सुटला, नुसतं बोट पुरायला लागलं. मी स्वतःला हुशार समजायला लागले.

महिन्याभराने ताई आल्या, खूश झाल्या आणि म्हणाल्या, आता पंधरा. पंधरावर मामा अडले. नखं कापल्याबद्दल पंधरा? त्यांनी मला गुन्ह्याचं वजन आणि शिक्षेचं वजन यावर मोठं व्याख्यान दिलं. हलक्या गुन्ह्याला ते पाचच्या वर जायला तयार नव्हते. फार घासाघीस करून मी दहावर आणायची.

जेठातला उन्हाळा होता. गावी माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. त्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलेली. महिन्याआधीपासून मी साडी काढून ठेवली होती. यांनी शांतपणे विचारलं, "मामांना कुठे ठेवायचं?" मी साडी परत ठेवली. लग्नाच्या दिवशी सकाळपासून बहिणीच्या घरून फोन येत होते, मागे सनई वाजत होती, कुणीतरी ओरडत होतं की मावशी कुठाय. फोन ठेवून मी मामांपुढे आले. आरोप होता, चपला घालून देवघरात गेलात.

"पंधरा नाही," मामा म्हणाले. "हा अन्याय आहे. पाच."

"मामा, ताईंनी पंधरा सांगितलेत. उठा."

"पंधरा द्यायच्या असतील तर गुन्हा तेवढा दाखव."

"उठा म्हणते ना!"

"गुन्हा दाखव, सूनबाई. कायद्याने बोल."

आणि मी म्हणाले, "काल तुम्ही माझ्यावर हात उगारलात."

कागद नव्हता, तोंडानेच म्हणाले. ज्या माणसाने साऱ्या जन्मात बायकोला एकेरी हाक मारली नाही असं मामी सांगायच्या, त्याला मी हे म्हणाले.

मामांनी पेन्सिल काढली नाही. डोळे मिटून आत शोधलंही नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "लागलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कुणी पाहिलं?"

"नाही."

"मग तू ओरडली का नाहीस? ओरडायचं होतंस, पोरी."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मामा उठले. माझं बोटही न धरता उठले. पंधरा झाल्या, थांबले नाहीत. वीस झाल्या. घामाने सदरा भिजला. मी म्हटलं, "मामा, पुरे." ते धापा टाकत म्हणाले, "गुन्हा मोठा आहे." बावीसला मीच त्यांना धरून खाली बसवलं, आणि धरलं तसे त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

तासाभरात ते सगळं विसरले. मी मनात म्हटलं, चला, सुटले. संध्याकाळी चहा घेऊन गेले तर मामा म्हणाले, "खाली ठेव." मी कप तिपाईवर ठेवला, मागे सरले, मगच त्यांनी उचलला. दुसऱ्या दिवशीही तेच. बटण लावायला पुढे झाले की हात मांड्यांखाली जायचे. शाळेत छडी खाल्लेली मुलं बसतात तसे हातांवर बसून राहायचे. रस्ता ओलांडताना मनगट धरेनात. स्कूटर, रिक्षा, सगळं अंगावरून जातंय आणि मामा माझ्यापासून दोन हात लांब, हात पाठीशी बांधून, एकटे चालताहेत. मी पदर पुढे केला, "हा तरी धरा." नाही. काय घडलं ते त्यांच्याजवळून गेलं होतं, पण काहीतरी घडलं आहे हे गेलं नव्हतं. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, मी काही केलंय का?"

"नाही मामा, काही नाही."

"मग असं का वाटतंय?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

खरं सांगून टाकावं म्हणून मी दोनदा बसले. पहिल्यांदा म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी खोटं बोलले. तुम्ही माझ्यावर हात उगारला नव्हता." त्यातलं त्यांनी शेवटचंच घेतलं. "मी? हात उगारला? तुझ्यावर?" आणि पुन्हा तेच तोंड, तेच हात पाठीमागे. दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत सांगून पाहिलं, तरी तेच. आळ पुसायचा तर आधी तो उच्चारावा लागत होता, आणि उच्चारला की नवा लागत होता. यांना सांगायचं धाडस झालं नाही. हे म्हणायचे, "मामा हल्ली किती शहाण्यासारखे उठाबशा काढतात. आरोपसुद्धा मागत नाहीत!" खरंच मागत नव्हते. खुर्चीपुढे नेलं की निमूट सुरू करायचे आणि सांगितलं त्याहून दोन जास्तच काढायचे.

ताईंना तर काय करू नि काय नको असं झालं. मामा हात न टेकता उठत होते. त्यांनी आम्हाला दवाखान्यात बोलावलं. विसरणारी म्हातारी माणसं आणि त्यांच्या घरचे, अशी पंधरावीस जणं एका खोलीत गोल करून बसली होती. एक सून रडत होती की सासूबाई दोन महिने झाले पलंगावरून उतरत नाहीत. एकजण वडिलांना हाताला धरून पुन्हा पुन्हा खाली बसवत होता. ताईंनी मामांना मध्ये बोलावून उठा-बसायला लावलं, मामांनी भराभर करून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ताई म्हणाल्या, "अब भाभीजी बताएँगी, ये सब कैसे करवाया."

मी आयुष्यात इतक्या माणसांपुढे उभी राहिले नव्हते. मामा शेजारच्या खुर्चीत परत येऊन हातांवर बसले होते. ती रडणारी सून पदराने डोळे पुसून माझ्याकडे बघत होती, जणू माझ्याजवळ औषध आहे. मी खाली बघून म्हणाले, "प्यार से."

"सुना आपने?" ताई सगळ्यांना म्हणाल्या. "प्यार से!"

ती सून मान हलवत ते मनात घोकत होती हे मला दिसलं. परत येताना रिक्षात मी एका टोकाला आणि मामा दुसऱ्या टोकाला, मध्ये त्यांची काठी.

दुसऱ्या दिवशी हे बसला गेल्यावर मी कॅलेंडरचं पान घेतलं आणि सावकाश लिहिलं, मी एका वयस्कर माणसावर खोटा आळ घेतला. मामांपुढे ठेवलं. किती दिवसांनी त्यांच्यापुढे कागद आला होता. त्यांनी उजवा हात मांडीखालून काढला, पेन्सिल घेतली आणि अक्षर अक्षर तपासलं. "चूक नाही," म्हणाले, आणि थोडे हिरमुसले. मग विचारलं, "आरोपी कोण?"

"मी, मामा."

"उभी राहा. आळ कसला?"

"ते लिहिलं नाही. लिहिलं की तो आळ पुन्हा लागतो."

मामांनी यावर बराच विचार केला. इतका वेळ गेला की मला वाटलं विसरले. मग म्हणाले, "बरोबर आहे. त्या माणसाला कळवलंस का, की तो निर्दोष आहे?"

"सांगितलं. पण तो विसरतो."

"मग पुन्हा सांग."

"रोज?"

"रोज. त्याने काही केलेलं नाही ना? मग तेवढं त्याला मिळायलाच हवं." आणि पेन्सिल खिशात ठेवून म्हणाले, "खोटा आळ. फार वाईट गुन्हा. पंधरा."

मी कान धरले. मामा मोजायला लागले. सातापर्यंत ठीक गेले, मग अडखळले आणि पुन्हा एकपासून सुरू झाले. मीही पुन्हा एकपासून धरल्या. तिसऱ्यांदा एकवर आले तेव्हा माझे गुडघे लटपटायला लागले होते आणि डोळ्यांतलं पाणी नाकावरून खाली येत होतं. मी खाली बसले ती उठेना. मामा खुर्चीतून उठले, हात न टेकता, आणि मला उठवायला त्यांनी हात पुढे केला. हाताकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मी तो धरला. थंड, हलका, कागदासारखा हात.

आता रोज सकाळी मी त्यांना सांगते, "मामा, निकाल लागला. तुम्ही निर्दोष सुटलात."

"कोणत्या प्रकरणात?"

"सगळ्या."

यावर ते खूश होतात, कधी कधी "मला खात्री होती" म्हणतात. मग दोघं मिळून उठाबशा काढतो, मी शिक्षा म्हणून आणि ते मला सोबत म्हणून. नंतर ते विचारतात, आळ घेणारा कोण होता. मी सांगते, मीच. मामा माझ्याकडे नीट बघतात, जणू मला पहिल्यांदाच बघताहेत, आणि म्हणतात, "पहिलाच गुन्हा दिसतोय. सांभाळून घेऊ." पहिला नाही हे मला माहीत असतं. मी मान खाली घालते.

मग मी चहा आणते. काही दिवस ते माझ्या हातातून कप घेतात. काही दिवस हात मांड्यांखालीच राहतात आणि ते म्हणतात, "खाली ठेव." कोणता दिवस कसा निघेल ते अजून मला आधी कळत नाही. मी कप खाली ठेवते, दोन पावलं मागे सरते, आणि चहा निवायच्या आत त्यांनी तो उचलावा म्हणून वाट बघत उभी राहते.